चार इंजिनांचे कॅप्टन परेरा

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. विमानाचं तिकीट काढताना ते दर विचारत नाहीत, वेळ विचारत नाहीत, सामान किती नेता येईल हेही विचारत नाहीत. ट्रॅव्हल एजंटसमोर खुर्ची ओढून बसतात, चष्मा पुसतात आणि एवढंच म्हणतात, "इंजिनं किती?"

एजंट नवा असला तर हसतो. जुना असला तर मुकाट्याने चहा मागवतो. उत्तर काहीही दिलं तरी आपला अर्धा तास गेला, हे त्याला ठाऊक असतं.

हे आमचे कॅप्टन हेन्री परेरा. आधीच सांगून टाकतो, हे कॅप्टन जहाजावरचे नाहीत, विमानातले नाहीत आणि क्रिकेटच्या संघाचेही नाहीत. इथे शारजात ते बाथरूमचे नळ विकतात. उभा जन्म नळच विकले. सत्तरीला आले तरी मालक त्यांचा व्हिसा वाढवत राहतो. कारण जुनी गिऱ्हाइकं दुकानात फोन करून "परेरा आहे का?" विचारतात आणि नाही म्हटलं की फोन ठेवून देतात.

कॅप्टन मूळचे कलिन्याच्या गावठाणातले. घरामागे सांताक्रूझ विमानतळाचं कुंपण. शाळेला निघालेला पोरगा त्या कुंपणाशी अडकायचा. माझ्या मते तो अजून तिथेच अडकलेला आहे. बाकीचं जग पुढे गेलं, विमानं मोठी झाली, त्यांत सिनेमे दिसू लागले. कॅप्टनचं जग मात्र पहिली जेट विमानं आली त्या पाच-दहा वर्षांत जे थांबलं ते थांबलंच. कुठल्या देशाची राजधानी कोणती, हे त्यांना विचारू नका. कुठल्या देशाच्या कंपनीकडे तेव्हा कुठली विमानं होती, ते विचारा. खरं म्हणजे तेही विचारू नका. ते आपणहून सांगतात.

आमचा सिक्युरिटी गार्ड घानाचा आहे. पहिल्याच दिवशी कॅप्टननी त्याचा हात हातात घेऊन "व्हीसी-टेन" असं, म्हणजे त्याच्या देशाच्या त्या काळच्या विमानाचं नाव, भरल्या गळ्याने म्हटलं होतं. त्या बिचाऱ्याला वाटलं, ही इथल्या लोकांची नमस्काराची पद्धत असावी. तेव्हापासून तो आम्हां सगळ्यांनाच सकाळी "व्हीसी-टेन, सर" म्हणतो. माझी बायको मेधासुद्धा आता त्याला "व्हीसी-टेन" म्हणून उत्तर देते आणि लिफ्टकडे जाते.

माणसंही ते विमानांच्या जातीने ओळखतात. आमच्या मंडळाचे सेक्रेटरी गोखले म्हणजे सातशेसात : "आवाज मोठा, धूर त्याहून मोठा, पण नेतो म्हटलं तिथे नेतो." माझा बॉस कोरोनाडो : "सगळ्यांत वेगवान म्हणून आणला, वेग भरलाच नाही, तेल मात्र प्यायला." मेधा म्हणजे कॅरॅव्हेल, कारण ऐटदार. मी फुशारून विचारलं, आणि मी? कॅप्टननी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तू डीसी-एट. लांब, सरळ, भरवशाचा. वळून कुणी बघत नाही." मेधा हे वाक्य महिन्यातून एकदा तरी मला ऐकवते.

हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं, पण जेवणाच्या टेबलावर कॅप्टन एकदा सुरू झाले, की बेल्जियमपासून ब्राझीलपर्यंत एकही देश सुटत नाही. त्यामुळे ते "तर त्या काळी..." म्हणाले रे म्हणाले, की मंडळी उठतात. कुणाचं दूध गॅसवर असतं. कुणाची गाडी चुकीच्या जागी लावलेली असते. गोखल्यांचं दूध तर इतक्या वेळा गॅसवर राहिलंय, की एव्हाना त्यांची डेअरी व्हायला हवी होती. माझी मुलगी ऋचा तेवढी म्हणते, "बट बाबा, ही इज सो हॅपी व्हेन ही टॉक्स." तिला म्हणायला काय जातं, ती हेडफोन लावून बसते.

आता त्या चार इंजिनांचं. कॅप्टनचा सिद्धान्त असा : "सभ्य माणूस समुद्र चार इंजिनांवर ओलांडतो." त्यांच्या काळात समुद्र ओलांडणारी विमानं चार इंजिनांचीच असायची, आणि तो नियम कुणी मागे घेतल्याचं त्यांना कुणी कळवलेलं नाही. दोन इंजिनांच्या विमानाला ते स्कूटर म्हणतात. आमच्या घरापासून शारजा विमानतळ पंधरा-वीस मिनिटांवर, तिथून मुंबईला स्वस्तात जाता येतं, सगळी इमारत तशीच जाते. पण त्या सगळ्या स्कूटरी. म्हणून कॅप्टन दुबईला जाणार, तिथलं दुमजली, चार इंजिनांचं विमान ज्या दिवशी असेल त्या दिवसाचं तिकीट काढणार. गोखले त्यांना दर वेळी जास्तीचे दिरहम रुपयांत करून दाखवतात. कॅप्टन म्हणतात, "गोखले, समुद्र म्हणजे काय मस्करी आहे?"

या सिद्धान्ताची खरी शिक्षा भोगायची ती त्यांच्या बायकोने, फिलोमिना आंटीने, असं आमचं सर्वांचं मत होतं. आंटी वसईची. शांत, हसरी, हाताला अशी चव, की तिच्या घरचे फुगे, म्हणजे ते तळलेले गोल गोल पाव, खायला लोक थेट अबू धाबीच्या मुसफ्फा औद्योगिक भागातली साइट सोडून येतात. तिला माहेरी जायचं, तर कॅप्टनबरोबर आणि चार इंजिनांवरच. एकदा तिच्या भाच्याचं लग्न हुकलं, कारण त्या आठवड्यात चार इंजिनांत जागा नव्हती. इमारतीतल्या बायका भयंकर चिडल्या. मेधाने कॅप्टनना लिफ्टमध्ये गाठून सुनावलं, की आपल्या वेडापायी बायकोला असं कोंडून ठेवणं शोभत नाही. कॅप्टननी मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाले, "खरं आहे. माझंच चुकतं." आंटी बाजूला पिशवी धरून उभी होती. ती म्हणाली, "त्यांचं वेड, मी काय करणार?" त्यावर सगळ्या बायका एका सुरात "बिचारी" म्हणाल्या.

तर गेल्या थंडीत परेरांच्या शेरनचं लग्न ठरलं. वसईत, चर्चमध्ये, शनिवारी. एकुलती एक मुलगी. कॅप्टननी चार महिने आधीच दुमजली विमानाची तिकिटं काढली, गुरुवारची. मलाही त्याच सुमारास डोंबिवलीला जायचं होतं. कॅप्टननी मला शारजाहून जाऊ दिलं नाही. "आयुष्यात एकदा माणसासारखा जा," म्हणाले. गेलो.

दुबईच्या विमानतळावर गेटपाशी बसलो. आंटीच्या मांडीवर शेरनच्या साडीची पिशवी, हातात जपमाळ. कॅप्टन मला लेबनॉनकडे कॉमेट किती देखणी होती ते सांगत होते आणि माझी गाडी चुकीच्या जागी लावलेली नव्हती, त्यामुळे मी ऐकत होतो. तेवढ्यात गेटवरच्या मुलीने गोड आवाजात जाहीर केलं, की काही कारणाने विमान बदललं आहे, आणि गैरसोयीबद्दल क्षमस्व.

आम्ही काचेकडे वळलो. समोर विमान उभं होतं. इंजिनं दोन.

खोटं कशाला बोलू, मला आतून उकळ्या फुटल्या. आयुष्यभराचा सिद्धान्त आणि समोर स्कूटर. मी हळूच फोन काढला, म्हटलं गोखल्यांसाठी व्हिडिओ होऊन जाऊ दे. मग लक्षात आलं, शनिवारी लग्न आहे. मी काउंटरवर विचारून आलो. पुढच्या दोन्ही दिवसांच्या सगळ्या विमानांत जागा भरलेल्या. हे विमान सोडलं, तर शेरन चर्चमध्ये एकटी चालत जाणार. मी फोन खिशात ठेवला आणि आता या म्हाताऱ्याची समजूत कशी काढायची, याची मनात जुळवाजुळव करू लागलो.

कॅप्टन काचेपाशी उभे होते. वळले. आणि दोन्ही हात पसरून, जणू जुना मित्र भेटावा तसे म्हणाले, "अरे वा, फिलू, हे बघ. कॅरॅव्हेलची पुतणी."

मी म्हटलं, म्हातारा कामातून गेला.

"कॅरॅव्हेललासुद्धा दोनच इंजिनं होती," कॅप्टन पुढे म्हणाले. "फ्रान्सकडे, फिनलंडकडे, सगळ्या युरोपकडे. राण्या बसायच्या त्यात. चल."

मला राहवेना. मी म्हटलं, "पण कॅप्टन, समुद्र?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा माणूस मला रागावलेला माहीत नव्हता. खालच्या आवाजात ते म्हणाले, "अविनाश, आज समुद्र नाही."

तेव्हा कुठे माझं लक्ष आंटीकडे गेलं. ती खुर्चीतून उठली नव्हती. पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती आणि ओठ पांढरे पडले होते. ती काचेकडे बघत होती आणि पुन्हा पुन्हा मोजत होती, जणू नीट मोजली तर चार निघतील. कॅप्टन तिच्यापुढे वाकले, पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली आणि कानाशी काहीतरी बोलले. ती उठली. दोघं विमानाच्या दाराशी नेणाऱ्या त्या बोगद्यातून अगदी बारीक पावलांनी गेली. मागे रांग खोळंबली, कुणी "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, चला, म्हणालं. कॅप्टन मागे वळून मोठ्याने म्हणाले, "सॉरी हां, मला जरा भीती वाटते विमानाची." रांग हसली.

माझी जागा त्यांच्या बरोब्बर मागे होती. विमान धावू लागलं. दोन खुर्च्यांमधल्या फटीतून मला आंटीचा हात दिसत होता. कॅप्टनच्या मनगटावर तिची बोटं अशी रुतली होती, की त्यांचं घड्याळ वर सरकलं होतं. आणि कॅप्टन बोलत होते. चर्चमध्ये फादर एकेका संताचं नाव घेतात आणि लोक त्यावर ठरलेलं उत्तर देतात, ती लितानी असते ना, त्या चालीत.

"स्वित्झर्लंड," कॅप्टन म्हणाले.

"कोरोनाडो, डीसी-एट, कॅरॅव्हेल," आंटी म्हणाली. डोळे मिटलेले.

"बेल्जियम."

"सातशेसात. कॅरॅव्हेल."

"जपान."

"डीसी-एट..." ती अडली. विमानाने जमीन सोडली होती.

"आठव, फिलू. घाई नाही."

ज्या यादीपासून आम्ही दूध उतू जाण्याच्या सबबीवर पळत आलो, ती तिला तोंडपाठ होती. युरोप संपला, आफ्रिका सुरू झाली. यादी केनियाच्या आसपास असताना पट्टे बांधायचा दिवा विझला. आंटीची बोटं सैल झाली, पण लितानी ब्राझीलपर्यंत नेऊनच दोघं थांबली.

मुंबईत सामानाच्या पट्ट्यापाशी आंटी बाथरूमला गेली तेव्हा कॅप्टन माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. पट्ट्याकडे बघत म्हणाले, "लग्न करून पहिल्यांदा आणली तेव्हा विमानाच्या जिन्यावरच बसली होती. वर येईना. मी म्हटलं, चार इंजिनं आहेत, तीन बंद पडली तरी एक उरतं. तेव्हा उठली." मग खोकले. "कुणी हसलेलं तिला सोसत नाही. मला काय, मी नळ विकतो. गोखल्यांना सांग, मी घाबरलो."

शेरनचं लग्न छान झालं. आंटी मुलीचा पदर नीट करतेय, असा एक फोटो आता परेरांच्या फ्रीजवर आहे.

परत आल्यावर परेरांनी आम्हां सगळ्यांना जेवायला बोलावलं. खिडकीतून खालीद लगूनचं पाणी दिसत होतं, आणि गोखले माझ्या मागेच लागले, की सांग ना, कॅप्टन स्कूटरवर कसे बसले? मी कॅप्टनचा शब्द पाळला, जरा जास्तच पाळला. उठून उभा राहिलो, कॅप्टनचे लटपटते पाय केले, मिटलेले डोळे केले, माझा हात त्यांनी कसा धरून ठेवला तेही करून दाखवलं. मंडळी हसून हसून लोळली. सगळ्यांत मोठ्याने कॅप्टन हसत होते.

आंटी फुग्यांची परात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. तिने परात टेबलावर ठेवली.

"ते नव्हते घाबरले," ती म्हणाली. "ते कधीच घाबरले नाहीत. चार इंजिनं माझी आहेत."

मेधा आपल्या रिकाम्या ताटात बघत राहिली. कॅप्टन पहिल्यांदाच गडबडले. "फिलू, फुगे थंड होतायत," एवढंच म्हणाले.

गोखल्यांनी घसा खाकरला. त्यांचा तो मोठा आवाज कुठे गेला होता, देव जाणे. म्हणाले, "कॅप्टन, ते स्वित्झर्लंडवाले... त्यांच्याकडे काय काय होतं म्हणालात?"

कॅप्टननी तोंड उघडलं. मग मिटलं आणि आंटीकडे पाहिलं.

आंटीने पदराला हात पुसले, खुर्ची ओढली आणि बसली. "कोरोनाडो," ती म्हणाली.

त्या दिवशी जेवायला फार उशीर झाला. कुणाचंही दूध गॅसवर नव्हतं.