बावीस नंबर तापतो

पाणीपुरवठ्याच्या त्या शाखा कार्यालयात नवा फाइल सर्व्हर आला तो सोमवारी. शहराच्या पोटातून गेलेल्या सगळ्या नळांचे नकाशे आता त्याच्या पोटात जाणार होते. घुं घुं करणारी ती काळी पेटी साहेबांच्या केबिनबाहेर मांडली गेली, सगळ्यांनी तिला एकेकदा हात लावून पाहिला आणि साहेबांनी आरेखकाला बोलावलं.

आरेखकाचं काम खरं तर नकाशे काढण्याचं. पण सहा वर्षांपूर्वी त्याने प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढून दाखवला होता आणि तेव्हापासून वायर असलेली प्रत्येक वस्तू त्याच्या गळ्यात पडत आली होती.

"शुक्रवारी मोठे साहेब बघायला येतायत. सेटिंगचं सगळं कागदावर मांडून आणा," साहेब म्हणाले.

आरेखकाने मांडलं, तेही मोजपट्टीने रेघा मारून. मुख्य कार्यालयाने या शाखेतल्या मशीनांना जाळ्यावरच्या पत्त्यासाठी अकरा ते पंचवीस असे पंधरा नंबर नेमून दिले होते. पत्त्याचा पुढचा भाग सगळ्या मशीनांचा एकच, आडनावासारखा. शेवटचा नंबर तेवढा ज्याचा त्याचा. सर्व्हरला एक कायमचा नंबर हवा होता, कारण रोज घर बदलणाऱ्याकडे नकाशे मागायला जायचं कुठे? अकरा प्रिंटरचा, बारा साहेबांचा. चौदा हजेरीच्या यंत्राचा, जे तीन वर्षं बंद होतं, पण हा विषय कार्यालयात कोणीही काढत नसे. एकवीस स्वतः आरेखकाचा. त्याच्या पुढच्या, बावीसच्या रकान्यात त्याने नुसतं लिहिलं होतं, 'राखीव'. बाकी सगळे नंबर भरलेले होते.

साहेबांचं बोट नेमकं तिथेच थांबलं. "हा बावीस कोणासाठी राखीव?"

"असाच... आहे."

"अहो, नकाशेबाईंचा ना हा? त्यांची बदली होऊन दोन वर्षं झाली. देऊन टाका सर्व्हरला!"

नकाशेबाई त्याच्या शेजारच्या टेबलावर, लाकडी आडोशापलीकडे, आठ वर्षं बसायच्या. जुने नकाशे त्यांच्या ताब्यात असत. त्यांचं मशीन सारखं रुसायचं. मग आडोशापलीकडून आवाज यायचा, "जरा हाक मारा हो माझ्या मशीनला." मग आरेखक आपल्या मशीनवरून बावीसला हाक पाठवायचा, म्हणजे ते जाळ्यावर जागं आहे का हे विचारणारा छोटा संदेश, पडद्यावर चार ओळी उत्तर यायचं आणि त्याच क्षणी पलीकडून बाई हसत म्हणायच्या, "ओ!"

बाई एकट्या होत्या, हाही एकटाच होता, आणि हे आरेखक सोडून सगळ्या कार्यालयाला दिसत होतं. त्याला ते दिसलं बदलीचा हुकूम आल्यावर. शेवटच्या दिवशी बोलायचंच असं ठरवून तो त्यांच्या टेबलापाशी गेला आणि जुन्या फायलींची नक्कल कशी ठेवावी हे पंधरा मिनिटं समजावून परत आला. तेव्हापासून रोज सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी तो बावीसला हाक पाठवत असे. रोज पडद्यावर यायचं, उत्तर नाही. मग तो पेन्सिलीला टोक काढून कामाला लागायचा. त्या नंबरावर सर्व्हर बसला असता तर उत्तर रोज आलं असतं. पण ते त्या पेटीचं असतं, आणि बाई आता परत येत नाहीत हे त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिल्यासारखं झालं असतं.

"बावीस देता येणार नाही, साहेब," तो म्हणाला.

"का?"

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाने ऐन वेळी खोटं बोलू नये. "तो... तापतो."

"नंबर तापतो?"

"म्हणजे लाइन. तिथली. सर्व्हर लावला तर नकाशे जातील."

नकाशे जातील म्हटल्यावर साहेबांचा चेहरा उतरला. आरेखकाला वाटलं, सुटलो. पण दारापाशी आवक-जावक काकू टपालाची वही घेऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे आवक झालेली बातमी त्याच तासाला जावक होत असे.

दुपारपर्यंत कार्यालयात दुसरा विषय नव्हता. "तरीच माझं झाड सुकलं!" काकू म्हणाल्या. खिडकीतल्या त्या झाडाला महिनाभर कोणी पाणी घातलं नव्हतं, पण ते कोण बोलणार? शिपायाने बावीसच्या टेबलाशेजारी वाळूची बादली आणून ठेवली आणि 'हात लावू नये' अशी पाटी टांगली. तेवीस नंबरच्या कारकुनाला बुधवारी सकाळी डावी बाजू गरम लागायला लागली.

"हात लावून बघा, साहेब! बावीसकडची बाजू आहे ही. आठ दिवस रजा तरी द्या."

"म्हणजे पसरतंय?" साहेब हादरले. त्यांनी तडक मुख्य कार्यालयाला फोन लावला. "बावीस नंबर तापतोय आणि तेवीसला झळ लागलीय. मोठे साहेब येण्याआधी कोणाला तरी पाठवा!"

आरेखकाने त्या दिवशी दोनदा केबिनच्या दारापर्यंत जाऊन खरं सांगायचं ठरवलं आणि दोनदा साहेबांना चहा हवा का ते विचारून परत आला.

गुरुवारी अकराला तपासनीस आले, आणि आरेखकाच्या हातातली मोजपट्टी खाली पडली. दारात नकाशेबाई उभ्या होत्या. केसांत थोडी चांदी आली होती, बाकी सगळं तसंच होतं.

"तुम्ही?" साहेब म्हणाले.

"मुख्य कार्यालयात आता संगणक कक्षातच आहे मी. बावीस नंबर म्हणालात ना, म्हटलं आपलाच आहे, बघून येऊ."

बाई आपल्या जुन्या टेबलाकडे वळल्या तशी सगळ्यांनी एकच ओरड केली. "हात नका लावू!" शिपाई बादली उचलून सज्ज झाला. बाईंनी पाटी काढून ठेवली, खुर्ची पुसली, भिंतीतल्या जोडणीवर तळवा टेकवला आणि तसाच बराच वेळ राहू दिला. मग सगळ्यांना लांब बसायला सांगितलं. "आरेखक तेवढे थांबतील."

"मॅडम, ते खरं म्हणजे तसं काही..."

"बोलू नका. तपासणी चालू आहे."

त्यांनी आपला लॅपटॉप बावीस नंबरवर जोडला आणि कार्यालयाच्या जाळ्यात झालेल्या हालचालींची नोंद उघडली. वाचता वाचता त्यांची मान हळूहळू पुढे झुकत गेली.

"रोज दहा पाचला एकवीसवरून बावीसला हाक गेलीय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "उत्तर नाही, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा."

"ते... लाइन बघायला."

"दोन वर्षं?"

"लाइन महत्त्वाची आहे."

"गेल्या वर्षी मध्ये चार दिवस नाही मारलीत."

"आजारी होतो. ताप होता."

"नंबर तापला तर कळवता येतं," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज थोडा अडखळला, "तुम्ही तापलात तर नाही?"

आरेखक खिशातली पेन्सिल काढून तिचं टोक बघू लागला.

"जा, जागेवर जा," त्या म्हणाल्या. "आणि हाक मारा."

तो एकवीसवर येऊन बसला. दोन वर्षं डोळे मिटून केलेलं काम करताना त्याची बोटं तीनदा चुकली. पडद्यावर एक ओळ आली, मग दुसरी, मग चारही. उत्तर आलं होतं.

"ओ," आडोशापलीकडून आवाज आला. हसू त्यात थोडंच होतं.

आरेखक पडद्याकडे बघत राहिला. एवढ्या एका अक्षरासाठी आपण किती झुरलो होतो, हे त्याला तेव्हा कळलं.

अर्ध्या तासाने बाईंनी साहेबांच्या हाती अहवाल ठेवला. सर्व्हरला चौदा नंबर द्यावा, कारण हजेरीचं यंत्र बंद आहे, एवढं साहेबांनी मोठ्याने वाचल्यावर सगळं कार्यालय बाईंकडे दुखावल्या नजरेने बघू लागलं. पुढे लिहिलं होतं: बावीसमधला बिघाड खरा आहे. हा नंबर कोणालाही देऊ नये. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी प्रत्यक्ष तपासणी आवश्यक.

"इतकं गंभीर?" साहेबांनी विचारलं.

"जुनं दुखणं आहे, साहेब. दोन वर्षं अंगावर काढलंय."

साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि आरेखकाच्या पाठीवर थाप मारली.

"बघा! तुम्ही वेळीच तोंड उघडलंत म्हणून निभावलं."

बाई खाली मान घालून लॅपटॉपची वायर गुंडाळत होत्या. गुंडाळून झाली, तरी त्यांनी ती सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.