दोन लेकी, दोन मुलूख आणि एक खलबत्ता

श्रीगजानन समर्थ. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक मास, ते समयी इचलकरंजीकर चौगुल्यांचे घराण्यात जे वर्तमान जाहले ते घडले तैसे लिहिले असे, पदरचे घातले नाही.

मंदाबाई चौगुले या घरच्या कर्त्या. त्यांस लेकी दोन. थोरली शीतल, ती अमेरिका दौलतीत नांदत होती, आणि धाकटी प्रणोती युरोप खंडी, जर्मन मुलुखात. दैवयोगे उभयतांचे दिवस एकाच महिन्यात भरले. आणि चौगुल्यांची रीत ऐसी की लेकीचे बाळंतपण आईने स्वहस्ते करावे, सवा महिना लेकीने उंबरा ओलांडू नये. आता लेकी दोन आणि आई एक, तेव्हा मंदाबाईंनी फोनावर उभय घरांच्या छब्या मागविल्या आणि चष्मा लावून पाहिल्या. थोरलीचे घर पाच खोल्यांचे, दारी दोन मोटारी, आणि फ्रिज ऐसा की आत म्हैस उभी राहावी. धाकटीच्या खोल्या दोन, त्याही तिसरे मजल्यावर, मोटार नाही, जावई सायकलीवर बटाटे आणणार, आणि रविवारी सारा बाजार बंद. मग मंदाबाई बोलिल्या, "थोरलीला काय कमी हाय? हीच बिचारी उपाशी मरंल तिथं." थोरलीस पुसले तो तीही ताठ्याने बोलली, "मला काय, हितं सगळं मिळतंय. तू तिच्याकडंच जा." फ्रिज पाहून राज्य जोखू नये, एवढी अक्कल ते समयी एकासही सुचली नाही.

मग मंदाबाईंनी डिंक, खारीक, ओवा आणि लोखंडी खलबत्ता बांधून जर्मन मुलुखी कूच केले. तेथे धाकटी प्रसूत जाहली, कन्या जाहली, आणि मग जो प्रकार जाहला तो मंदाबाईंनी साठ वर्षांत पाहिला नव्हता. विम्यातून एक सुईण रोज दारी येई, आणि आल्याबरोबर थंडीत खिडक्या उघडी. मंदाबाई झाकीत, ती उघडी, मंदाबाई पुन्हा झाकीत. प्रणोतीस रजा वर्षाची. जावई निनाद, त्यासही कायद्याने रजा दोन महिन्यांची, आणि तो मुलीस न्हाऊ घाली, लंगोट बदली, ढेकर काढी, दूध पाजणे तेवढे राहिले. मग मंदाबाईंनी एके रविवारी खलबत्ता काढून खारीक कुटावयास घेतली, तो खालच्या मजल्यावरील म्हातारा जिना चढून आला आणि घड्याळ दाखवून निनादाशी काही बोलून गेला.

"आई, रविवारी इथं ठोकाठोक चालत नाही. नियम आहे," निनाद बोलला.

"खारकंला रविवार कळतोय व्हय रे?"

"म्हाताऱ्याला कळतो."

मग मंदाबाई लेकीकडे वळल्या. "प्रणे, मग मी करू तरी काय हितं?"

"बस की गं आई. जन्मात एकदा बस."

तेव्हा मंदाबाई बसल्या. परंतु बसणे ही विद्या त्यांस येत नव्हती.

ऐसे असता एके दिवशी थोरलीचा फोन आला. तिजलाही मुलगा होऊन तीन आठवडे जाहले होते. पाहतात तो लेक मोटारीत बसलेली, अंगावर शाल, डोळे सुजलेले.

"कुठं निघालीस गं ओल्या अंगाची?"

"कुठं नाही. कचेरीच्या आवारात गाडी लावलीय. दूध काढून ठेवतीया."

"आणि बाळ?"

"एका बाईच्या घरी ठेवलंय. ह्यांची रजा आठवड्यात संपली, माझी काल."

"अगं, सवा महिना तर भरू दे!"

"सवा महिना कुणाला सांगू, आई? पगारी रजा द्या असा सगळ्या देशाला मिळून कायदाच नाही हितं."

"आणि त्या पाच खोल्या?"

"रिकाम्या हाईत."

हे ऐकोन मंदाबाईंच्या अंगाचा तिळपापड जाहला. आधी त्या राज्यावर, मग लेकीच्या ताठ्यावर, आणि शेवटी स्वतःच्या चष्म्यावर. धाकटी बोलली, "जा तू. माझ्याकडं माणूस आहे." अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टावर पूर्वीचाच होता, तेव्हा निनादाने रातोरात नव्हे, भर दुपारी तिकीट काढिले.

अमेरिकेच्या वेशीवर अंमलदाराने दुभाष्यामार्फत पुसले, "कशास आलात?"

"लेकीचं बाळंतपण कराय."

"बाळ केवढे?"

"महिन्याचं."

"मग बाळंतपण संपले की!"

"तुमच्यात संपतंय," मंदाबाई बोलिल्या, "आमच्यात अजून दहा दिस हाईत."

अंमलदार हसला आणि शिक्का मारिता जाहला.

तो दिवस रविवार. शीतलने दार उघडिले, मूल आईचे हाती दिले, "फ्रिजमध्ये सगळं आहे" एवढे बोलिली आणि पायताण न काढता आडवी जाहली. मंदाबाईंनी फ्रिज उघडिला तो आत दुधाच्या बाटल्यांची रांग, एकेकीवर वार आणि वेळ लिहिलेली, सोमवारची पुढे. मंदाबाईंनी दार लाविले, मूल मांडीवर घेतले आणि खलबत्ता काढिला. दुपारभर खारीक कुटली. तक्रार घेऊन कोणी आले नाही, आणि लेकही जागी जाहली नाही.

येणेप्रमाणे एका मुलुखी आईस काम नव्हते, आणि दुसऱ्या मुलुखी आईवाचून चालत नव्हते. सोमवारी शीतल कामावर गेली. मंदाबाईंचा राहण्याचा परवाना सहा महिन्यांचा. तो संपल्यावर मूल कोणी पाहावे, याचा कायदा त्या दौलतीत अद्याप कोणी लिहिला नाही.