पाच पावलांवरून दिसणारा पंख

वेग ही मुळात पाहण्याची गोष्ट आहे, मोजण्याची नव्हे, हे सत्य विमान आराखडा कार्यालयाला फार पूर्वीच उमगले होते. म्हणून तेथे प्रत्येक नवा आराखडा भिंतीला टाचला जाई. समितीचे अकरा सदस्य पाच पावलांवर उभे राहत आणि विमान वेगवान दिसते की नाही, यावर हात वर करीत. (सहा पावलांचा प्रयोग एकदा झाला होता, पण सहाव्या पावलावर दार असल्याने दोन सदस्य चहाला निघून गेले.) सदस्यांच्या रांगेत बाराव्या जागी फरशीवर खडूने आखलेला एक चौकोन होता. तो जनतेच्या प्रतिनिधीसाठी. चौकोन रिकामा असे आणि त्याचे मत बहुमतात धरले जाई, कारण जनतेने आजवर हरकत घेतलेली नव्हती.

वाऱ्याचा हिशेब मांडणाऱ्या अभियंत्याला कार्यालयात सगळे वारेमास्तर म्हणत. त्यांनी डोंगरातल्या एका रुग्णालयासाठी नाकावरच्या फिरत्या पंख्यावर चालणारे छोटे विमान आखले होते. पंख सरळ, दोन्ही बाजूंना हात पसरल्यासारखे. मतदान झाले : विरोधात अकरा, अधिक चौकोन.

"मास्तर, जेटचे पंख मागे झुकलेले असतात," अध्यक्ष समजुतीच्या स्वरात म्हणाले. "उगीच असतात का?"

"उगीच नाही, साहेब. जेट आवाजाच्या वेगाच्या आसपास उडतं. तेवढ्या वेगात पंखावरची हवा एकदम दाटते, धक्का बसतो आणि विमान मागे ओढलं जातं. पंख झुकवला की वारा त्याच्यावरून तिरका जातो. मग पंखाला वाऱ्याचा सगळा वेग सोसावा लागत नाही, त्याचा काही हिस्साच सोसावा लागतो. थोडक्यात, पंखाला वाटतं की आपण हळू चाललोय."

"हळू वाटावं म्हणून झुकवतात?"

"हो."

(सदर विधानाची नोंद घेऊ नये, अशी इतिवृत्तात नोंद आहे.)

"आपलं विमान त्याच्या निम्म्या वेगानंही जात नाही," मास्तरांनी नेट धरला. "त्याचे पंख झुकवणं म्हणजे पायी जाणाऱ्यानं सीटबेल्ट लावण्यासारखं आहे. शिवाय कमी वेगात असा पंख विमानाला कमी उचलून धरतो. मग उतरायचं ते जोरातच, आणि थांबायला जागा जास्त."

किती जास्त, हेही त्यांनी लिहून आणले होते. सरळ पंखांना सहाशे मीटर, झुकलेल्यांना सातशे ऐंशी. डोंगरातली धावपट्टी सातशे मीटरांची होती आणि तिच्या टोकाला रुग्णालयाची भिंत होती. भिंतीपलीकडे बावीस खाटा, आणि त्या खाटांमधून दिवसभर फिरणारी मुख्य परिचारिका म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण.

समितीने हा प्रश्न अत्यंत गांभीर्याने घेतला. भिंत मागे सरकवावी, रुग्णांना विमान उतरण्यापुरते अंगणात बसवावे, वैमानिकाला लेखी समज द्यावी, असे तीन उपाय सुचले. तिसरा सर्वांत व्यवहार्य ठरला.

दुपारी बहिणीचा फोन आला.

"दादा, शेवटच्या खाटेवरच्या आजी रोज विचारतात, विमान कधी येणार? काय सांगू रे त्यांना?"

"सांग, मतदान चालू आहे."

"अरे, त्यांचं हृदय मतदानापर्यंत टिकायला हवं ना!"

मास्तरांनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि तडक रंगकामाचा विभाग गाठला. रंगारी डबा ढवळत होता.

"आराखड्यावर निळे पट्टे मारायचे. मागे झुकलेले, पस्तीस अंशांत."

"आणि पंख?"

"पंखाला हात लावायचा नाही."

"म्हणजे विमान तेच?"

"तेच."

रंगाऱ्याने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिले. "मास्तर, तुम्हाला इथे बरीच वर्षं झाली वाटतं."

पाच पावलांवरून पट्टे पंखांसारखे दिसत आणि पंख दिसतच नसत. बाजूने अकरा, अधिक चौकोन. अध्यक्षांनी मास्तरांची पाठ थोपटली. "बघा! मनावर घेतलं की जमतं की नाही?"

महिन्याभरात विमान पट्ट्यांसकट तयार झाले, डोंगरात उतरले आणि भिंतीच्या शंभर मीटर अलीकडे थांबले. "थांबलं रे, दादा!" बहीण फोनवर रडत-हसत होती. "आजींना चढवलं. त्या म्हणतात, पट्टे होते म्हणूनच इतक्या लवकर आलं."

कार्यालयाचेही मत आजींसारखेच पडले. झुकलेल्या पट्ट्यांमुळे विमान कमी जागेत थांबते, असा निष्कर्ष अहवालात आला. त्यापुढे ओघानेच आले की ब्रेकची तपासणीदेखील यापुढे पाच पावलांवरूनच व्हावी. मास्तर उठून उभे राहिले. पट्ट्यांनी काहीही होत नाही, एवढे एकच वाक्य बोलायचे होते. पण ते वाक्य बोलताच समिती पंख पुन्हा पाहणार, आणि पाहिले की झुकवणार. डोळ्यांसमोर ती भिंत आली. मास्तर खाली बसले. त्यांचे मौन ही तज्ज्ञांची संमती म्हणून नोंदवली गेली.

नियमानुसार ब्रेकचा प्रस्ताव जनतेच्या हरकतींसाठी रस्त्याकडेच्या फलकावर तीस दिवस लावण्यात आला. मास्तर रोज खिडकीतून पाहत. त्या रस्त्याने दिवसाला सरासरी चार हजार माणसे जातात. पैकी एकशे दहा जणांनी फलकाच्या काचेत पाहून केस नीट केले. तिसाव्या दिवशी हरकती शून्य होत्या.

खडू पुसट झाला होता, म्हणून चौकोन नव्याने आखून घेण्यात आला आहे. विमानात चढताना त्यावरचे पट्टे पाहून ज्यांना हायसे वाटते, त्या सर्वांना तो पुरेल एवढा मोठा आहे. वाचकाने येण्याची तसदी घेऊ नये. त्याचे मत धरलेले आहे.