खेकडा खाताना बोलू नये

मुलगी मागायला जायचं होतं आणि हिदाकाच्या तोंडाला कुलूप नव्हतं. साकाइमिनातो बंदराच्या तळातल्या चिखलात त्याने एक जीवाणू शोधला होता. तो जीवाणू एक रस सोडी. त्या रसाने खेकड्याच्या कवचातलं कायटिन तुटे आणि त्याची साखर होई, गुडघेदुखीच्या पुड्यांत घालतात ती. ही कथा हिदाका न्हाव्यापासून टपालवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवी, आणि एकदा सुरू झाला की आवरत नसे.

मिनोरीला त्याचीच धास्ती होती. तिचे वडील कागेयामा हे मासेमारी बोटीचे निवृत्त तांडेल. दिवसभर ते धक्क्यावर असत आणि रात्री जेवताना चार शब्दांवर पाचवा काढत नसत. अशा माणसाने बडबड्या जावई पदरात घेणं कठीणच होतं.

"पण आईचा नेहमीसारखा खेकड्याचाच बेत आहे," ती म्हणाली. "खेकडा खाताना कोण बोलतं? सगळे कोरण्यात गुंग. तू नुसता खात राहा. बाबांनी मान हलवली की झालं."

हिदाकाने कबूल केलं. पण हातावर हात ठेवून बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं. खेकडे मीच आणतो, असं त्याने मिनोरीच्या आईला परस्पर कळवलं. मग आधी व्हिनेगरमध्ये ठेवून कवचातला चुना काढला, नंतर त्यांना जीवाणूचा रस पाजला, धुतलं आणि उकडलं. आपण गप्प बसलो तरी आपलं काम बोलेल, याची त्याला खात्री होती.

कागेयामांनी सवयीने कात्री उचलली. कात्री लागायच्या आधीच कवच दुधावरच्या सायीसारखं निघून आलं. बघता बघता सगळ्यांचं खाऊन झालं. पुढे अख्खी संध्याकाळ पडली होती आणि कोणाच्याच हाताला काम नव्हतं. मिनोरीचा चेहरा पाहून हिदाकाला आपली चूक कळली.

कागेयामांनी घसा खाकरला. "एकदा ओकी बेटांपलीकडे काय झालं..."

आणि बांध फुटला. वादळं झाली, हरवलेली जाळी झाली, खलाशांची भांडणं झाली, शेवटी स्वतःची मूळव्याधही झाली. मिनोरी आ वासून बापाकडे पाहत राहिली. हिदाकाने एकदा "आमचा जीवाणू" एवढंच म्हणून पाहिलं.

"मध्ये बोलू नकोस," कागेयामा म्हणाले आणि नवं वादळ सुरू झालं.

साकेची बाटली संपली तेव्हा त्यांनी हिदाकाच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरगा गुणी आहे. मोजकं बोलतो. मुलगी दिली."

हिदाकाला हर्षवायू व्हायचा बाकी होता. तेवढ्यात मिनोरीच्या आईने त्याला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

"हिदाकासान, लग्न झाल्यापासून मी या माणसाला रोज रात्री खेकडा वाढतेय. का, ते कळलं ना आता?"

हिदाकाने मान खाली घातली.

"मग तो तुमचा रस या घरात पुन्हा आणायचा नाही."

तो वचन देणार, इतक्यात बाहेरून कागेयामांचा आवाज आला, "अगं, जावयाला सांग, दर रविवारी जेवायला यायचं. आणि खेकडे त्यानेच आणायचे."