खोडकेसाहेबांचा व्हेज गळ

खोडकेसाहेब माशाला सॉरी म्हणतात. मनातल्या मनात नव्हे, चांगलं मोठ्यानं, चार लोकांत. गळ तोंडातून सोडवताना मासा हातात वळवळत असतो आणि हे त्याच्या डोळ्यांत बघून सांगतात, "सॉरी बावा, सॉरी. झालं, झालं. जाय आता घरी." आणि खरंच सोडून देतात! हातभर लांबीचा, तकतकीत, जिवंत मासा. तो पाण्यात दिसेनासा होईपर्यंत वाकून बघतात आणि मग माझ्याकडे वळून म्हणतात, "चांगला होता, नाही?"

आता मी मालवणचा राणे. चांगला होता की नव्हता हे मला पाण्यात बघून कसं कळणार? मला ते ताटात कळतं.

आमची ओळख इथली, बहरीनमधली, नईममधल्या बिल्डिंगीतली. मी दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्यावर. मी एसी मेंटेनन्सचा सुपरवायझर, ते एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. मूळ गाव अकोला. आधी हमद टाउनला मोठा फ्लॅट होता, पण वहिनी सासूबाईंच्या आजारपणासाठी अकोल्याला गेल्या, मुलगा शिकायला भारतात गेला, आणि हे एकटेच एक सुटकेस, एक कुकर आणि एक गळाचा रॉड घेऊन आमच्या डोक्यावर राहायला आले. जिन्यात तो रॉड बघून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, चला, गरवायला जायला जोडीदार मिळाला. आमच्याकडे गळानं मासे पकडण्याला गरवणं म्हणतात.

"काय काय खाता तुम्ही? शारी? साफी? हामूर?" मी इथल्या माशांची नावं घेत विचारलं.

"छे बावा! मी प्युअर व्हेज आहे. अंडं पन नाही."

मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली. झाली नव्हती.

या माणसाचा गळसुद्धा व्हेज आहे. मी सुंगटं लावतो, म्हणजे कोलंबी. साहेब कोलंबीला हात लावत नाहीत. त्यांच्याकडे रबराच्या अळ्या आहेत, गुलाबी, पोपटी, एक तर चक्क चमचमणारी. "बेट पन व्हेज पायजे ना!" गळाला जो उलटा काटा असतो, ज्याच्यामुळे मासा सुटत नाही, तो ते पकडीनं दाबून सपाट करतात. आणि तंगूस, म्हणजे गळाची दोरी, तर इतका बारीक की उन्हात दिसत नाही, बोटाला लागला तरच कळतो. माझा तंगूस बघून ते म्हणाले होते, "राणे, यानं तुम्ही मासा पकडता की गाडी टो करता?"

मी सांगितलं, आमच्याकडे मासा लागला की ओढायचा आणि टोपलीत टाकायचा. त्याच्याशी चर्चा करायची पद्धत नाही.

"तेच चुकतं ना तुमचं! त्याले पन सुटायचा चान्स पायजे. अन् याचं तोंड पाहा किती मऊ आहे. जोर लावला का फाटलं. त्यानं ओढलं का आपन सोडायचं, तो थांबला का थोडं गुंडाळायचं. हातातून मात्र जाऊ द्यायचं नाही. कळलं?"

कळलं. पण एक साधा मासा किनाऱ्याला आणायला हा माणूस इतका वेळ लावतो की तेवढ्यात माझ्या घरी भात होऊन निवतो.

दर शुक्रवारी सकाळी आम्ही जनाबियाच्या पुढे पश्चिमेच्या किनाऱ्यावर जातो. तिथून सौदीला जाणारा पूल दिसतो, पाणी उथळ आणि शांत. पोचल्यावर लगेच गळ टाकायचा नाही. आधी सेफ्टीचं भाषण. हो, कारखान्यात कामगारांना देतात तसं. ऐकणारा मी एकटा. "टोपी? पाणी? सनस्क्रीन? खडकावर शेवाळ आहे, घसराल. मागं बघून गळ फेका. काही प्रश्न?" एकदा मी हात वर करून विचारलं, "साहेब, आज मासा घरी न्यायचा का?" ते म्हणाले, "आऊट ऑफ स्कोप."

आणि तो फोटो! मासा लागला की सोडायच्या आधी फोटो. मासा धरायचा मी. "हात ओले करा आधी! कोरड्या हातानं त्याची कातडी जाते." मग मी ओल्या हातानं मासा धरून उभा, हसू की रडू कळत नाही, आणि समोर खोडकेसाहेब फोन घेऊन. "थोडा वर. शेपटी दिसू द्या. तुम्ही बाजूले व्हा ना, तुमचा नाही काढत." शेजारी एक बहरीनी आजोबा दर शुक्रवारी चटई टाकून, गहवाचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास घेऊन बसतात. मासा पाण्यात गेला की ते दोन्ही हात आभाळाकडे करून ओरडतात, "लेश? लेश, या मुहंदिस?" का रे बाबा, का? अगदी माझ्या मनातलं. भाषा येत नाही म्हणून काय झालं, आमचं दोघांचं दुःख एकच.

मला वाटायचं, फेसबुकवर मिरवायला काढत असतील. पण मिरवताना कधी दिसले नाहीत. फोटो पाठवायचे आणि फोन उलटा करून खिशात ठेवायचे. थोड्या वेळानं काढून बघायचे. परत ठेवायचे. परत काढायचे. आमची वैशाली, म्हणजे माझी सौभाग्यवती, एकदा बरोबर आली होती. तिच्या तोंडाला फाटक नाही. तिनं सरळ विचारलं, "भावजी, कोणाक पाठवतात ओ एवढे फोटो?"

साहेब रीळ पुसत बसले. मग म्हणाले, "अमेयले."

अमेय त्यांचा मुलगा. जन्म, शाळा सगळं इथलं. हे गळाचं वेड मूळ त्याचं. शाळेतल्या मित्रांबरोबर लागलं. बाप व्हेज, म्हणून घरात करार झाला होता, पकड पण सोडून दे. साहेब त्याला किनाऱ्यावर गाडीनं आणायचे आणि गाडीतच पेपर वाचत बसायचे. हा रॉड त्याचाच. पुढे पोरगा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि दुसऱ्या वर्षी म्हणाला, मला हे नको, मला माशांचं शिकायचंय.

"मी लय बोललो त्याले," साहेब सांगत होते. "आपल्या खानदानात कोनी मासा खाल्ला नाही अन् तू माशाची डिग्री घेशीन? लोकाले काय सांगू? त्याचं ऐकूनच नाही घेतलं. तो गेला आपल्या मनानं, कोकणात आहे आता कॉलेजात. आईसंग बोलते रोज. मी फोनवर आलो का, 'ओके, बाय.' बस. मग म्हटलं, त्याले मासे आवडतात, तर मासेच पाठवू. पाहते तो. दोन निळ्या खुणा येतात ना. बोलत नाही, पन पाहते."

त्या दिवशी परतीच्या वाटेवर गाडीत मी एसीचं बटण उगाच खालीवर करत बसलो.

तर आता त्या शुक्रवारची गोष्ट.

थंडी सरत आली होती. वैशाली आली होती, आणि जिथे पाणी तिथे ही मसाला घेऊन जाते. छोटा गॅस, तवा, तेल, कोकम, सुरी, सगळा संसार. म्हणे, "तुमका एखादो तरी गावात." म्हणजे एखादा तरी मिळेल. मला काही मिळालं नाही. पण खोडकेसाहेबांचा रॉड असा वाकला की आजोबासुद्धा चटईवर उभे राहिले. सोड, गुंडाळ, सोड, गुंडाळ, साहेब गुडघाभर पाण्यात, टोपी वाहून गेली तरी लक्ष नाही. शेवटी आला तो नगरूर! आमच्याकडे करकरा म्हणतात, पाण्याबाहेर काढला की कर्र कर्र बोलतो. एवढा मोठा मी तरी तिथे पाहिला नव्हता.

साहेब ओरडायलाच लागले. "राणे, फोटो! याचा फोटो पायजेच! हे पाहून तो काहीतरी बोलन. बोललाच पायजे!" खिशात हात घातला तर फोन नाही. फोन गाडीत चार्जिंगला. गाडी रस्त्यापलीकडे लांब, कारण सेफ्टी. त्यांनी बालदीत समुद्राचं पाणी घेतलं, मासा हळूच आत सोडला आणि म्हणाले, "पाच मिनिटं सांभाळा त्याले." आणि धावले.

पाच मिनिटांत आलेही असते. पण वाटेत आजोबांनी अडवलं. एवढा मासा पकडणाऱ्याला गहवा पाजल्याशिवाय कसं सोडणार? आता तिथली रीत अशी की पुरे झालं तर रिकामा पेला हातात हलवायचा. नाही हलवला तर यजमान ओततच राहतो. इतकी वर्षं इथे काढूनही साहेबांना हे ठाऊक नाही. ते पेला रिकामा करून "शुक्रन, शुक्रन" म्हणत होते आणि आजोबा प्रेमानं परत भरत होते. पाहुणचाराला नाही कसं म्हणायचं, हा अकोल्याचा स्वभाव. मी इकडून बघत होतो, पण माझा तंगूस खडकात अडकला होता आणि मी तो सोडवण्यात गुंतलो होतो.

माझी पाठ वैशालीकडे. वैशालीसमोर बालदी. बालदीत करकरा.

तिला दोष देऊ नका हो. वेंगुर्ल्याची बाई. जन्मात बालदीत पडलेला मासा परत दर्यात गेलेला तिनं पाहिलेला नाही. तिला वाटलं, दर्यात सोडायचे ते सोडले, हा बालदीत ठेवला म्हणजे आपल्याला दिला. भावजींना शेवटी सुचली अक्कल, म्हणून तिनं देवाचे आभार मानले आणि सुरी काढली.

साहेब फोन घेऊन धापा टाकत आले. बालदीत डोकावले. नुसतं पाणी.

"राणे, मासा कुठं गेला?"

माझ्या आधी तवा बोलला. चर्र!

मला वाटलं, आता हा माणूस फुटणार. पण ते मटकन खडकावर बसले. तोंड एवढंसं झालं. "फोटो राह्यला ना वैनी," एवढंच म्हणाले. ते ऐकून वैशालीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिच्या लक्षात आलं काय झालंय ते. मी तर जमिनीत गाडून घ्यायला तयार होतो.

पण मालवणी बाई रडत फार वेळ बसत नाही. नाक पुसून तिनं ताट घेतलं, तुकड्या मांडल्या, कांद्याच्या चकत्या, लिंबाची फोड. "उठा भावजी. फोटोच पाठवूचो मा? ह्यो पण मासोच आसा. धरा."

"अहो, मी? हे?"

"धरा म्हणतंय ना!"

खोडकेसाहेबांनी सवयीनं आधी हात ओले केले आणि ताट धरलं. मान शक्य तितकी मागे, वास येऊ नये म्हणून. मी फोटो काढला. इतके दिवस मी धरत होतो, आज ते. खाली 'नगरूर' लिहून गेला फोटो. दोन निळ्या खुणा लगेच. आणि फोन वाजला.

साहेबांनी घाबरून स्पीकरच चालू केला.

"बाबा! व्हॉट इज दॅट? डिड यू ईट अ नगरूर?"

"हो. म्हणजे... हाव."

"यू? बाबा, फ्लॉवरमध्ये अळी दिसली तर तुम्ही दोन दिवस जेवत नाही! हाऊ वॉज इट?"

साहेबांनी वैशालीकडे बघितलं. ती पुटपुटली, "गोड."

"गोड," साहेब म्हणाले.

"गोड?"

"म्हणजे, शिऱ्यासारखा नाही ना बावा. तसा... आपला माशासारखा गोड."

पलीकडे पोरगा जो हसत सुटला! आम्ही त्याला कधी पाहिलंही नव्हतं, पण आम्हीसुद्धा हसायला लागलो. साहेब मात्र श्वास रोखून उभे, फोन दोन्ही हातांत. हसू थांबलं तसा तो विचारू लागला. मोठा किती होता? पोटात अंडी होती का? वैशालीनं मान डोलावली, कानात सांगितलं.

"हाव ना. गाबोळी होती," साहेब म्हणाले. हा शब्द ते जन्मात पहिल्यांदा बोलले असतील.

आणि पोराचा आवाजच बदलला. "बाबा! मग ती मादी होती. धिस इज द सीझन! या दिवसांत मादी ठेवायची नसते, सोडायची असते. यू शुड नो दिस!"

अहो, पकडलेला प्रत्येक मासा सोडणाऱ्या माणसाला हा रागावत होता! माझ्या जिभेवर आलं होतं, की अरे, तुझा बाप... वैशालीनं माझा दंड चिमटला.

"चुकलं बेटा," खोडकेसाहेब म्हणाले. "मले काय समजते यातलं? तू सांग. नीट सांग. मी ऐकतो."

स्पीकर बंद करून फोन कानाला लावून ते पाण्याच्या कडेनं चालत गेले. लांबून दिसत होतं, हा बोलघेवडा माणूस नुसती मान हलवत होता. आम्ही जेवून घेतलं, गॅस बांधला, ऊन डोक्यावर आलं, तरी ते चालतच होते.

परत आले तेव्हा नाक लाल, चष्मा हातात.

"काय म्हणालो झील?" वैशालीनं विचारलं.

"ओरडला मले," साहेब म्हणाले. काय तो आनंद! "लय ओरडला. मग समजावून सांगितलं सगळं. कोनत्या महिन्यात कोनता मासा, अंडी कवा, सगळं. हुशार आहे हो. मास्तरासारखा सांगते."

"आणि तुम्ही खाल्ला नाही हे सांगितलंत?" मी विचारलं.

"कायले सांगू? मग काय बोलन तो माझ्यासंग?"

साहेबांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि वैशालीकडे वळले.

"वैनी, पुढच्या शुक्रवारी पन तवा आना. फक्त आधी नर का मादी ते पाहून घ्या बरं का. तो विचारन मले."