चिटणीसकाकांची हवेतली चावी

अन्याय बाबूकाका चिटणिसांवर झाला. नवरात्रातल्या अष्टमीला, दुपारी चारच्या सुमाराला, बडोद्याच्या प्रतापनगरमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, वॉचमनच्या देखत झाला. इस्त्रीचा शर्ट घालून काका स्वतःच्या गाडीपाशी गेले आणि गाडीने त्यांना ओळख दाखवली नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी काकांबद्दल जे सांगणार आहे त्याला तुम्ही हसाल, आणि हसण्याच्या नादात तक्रार मागे राहते.

तर काका फोन डब्यात ठेवत. खारी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट लावून, वर खलबत्ता. कारण त्या फोनमध्ये गाडीची चावी होती. नव्या गाडीला लोखंडाची चावी नसतेच. फोन खिशात घेऊन जवळ गेलं की दार उघडतं. आणि काकांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं, की चोर घराबाहेर उभे राहून भिंतीतून चावीचा सिग्नल खेचून घेतात. तेव्हापासून "हवेचा भरोसा नाही" हे त्यांचं पालुपद. डब्यात फोनला रेंज येत नसे. ज्याचं काम असेल तो शेवटी जिना चढून येई, आणि काका दार उघडून म्हणत, "बघ, आलास ना? मग फोन कशाला हवा होता?"

फोन बंद पडला तर वापरायला गाडीबरोबर एक कार्डही आलं होतं. ते चोरीला जाऊ नये म्हणून काकांनी सगळ्यात सुरक्षित जागी ठेवलं. म्हणजे गाडीच्याच खणात, आणि वर गाडी बंद करून.

काकांना भीती सगळ्याचीच. लिफ्टमध्ये ते एकटे चढत नसत, वॉचमनला सोबत घेत. मग वॉचमनला एकट्याला खाली जावं लागणार, म्हणून तो पोचेपर्यंत दारात उभे राहून विचारत, "पोचलास का रे?"

आणि मी कोण? मी पत्रकवाली. काकांनीच ठेवलेलं नाव. आमच्या सोसायटीत मुलांना खेळायला जागा नाही आणि गाड्या आठवडाभर धूळ खात उभ्या, यावर मी पत्रक काढलं होतं. एक गाडी पाच घरांनी वापरावी, मांडवीत खरेदीला जाताना पाच गाड्या नेऊ नयेत, एवढी साधी मागणी. पत्रक सगळ्यांनी घेतलं आणि त्यावर भाजी निवडली. म्हणून मी काकांकडे गेले, कारण सगळ्यात कमी हलणारी गाडी त्यांची.

"चावी दिली म्हणजे घर दिलं," काका म्हणाले.

मी समजावलं, की ही चावी इथे बसल्या बसल्या शेजारच्या पारीखबेनना दोन तासांसाठी देता येते आणि इथूनच परत घेता येते. कोणी गाडी उघडली, कोणी बंद केली, सगळं तुमच्या फोनवर येतं.

काका खुर्चीत पुढे सरकले. "कोण गेलं, कोण आलं, सगळं?"

"नावासकट."

त्या आठवड्यात खलबत्ता डब्यावरून उतरला. पुढच्या आठवड्यात फोन डब्यातून बाहेर आला आणि गॅलरीतल्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसला, तो तिथेच राहिला.

पाच घरं गाडी वापरू लागली. कोणी दार उघडलं की काकांचा फोन टिंग करी आणि काका कठड्याशी हजर. "धीमे चलावजे, बेटा." गाडी परत आली की पुन्हा टिंग, पुन्हा काका. मांडवीत गर्दी होती का, डॉक्टर काय म्हणाले, इतका उशीर का. लोक वैतागले. ओरखडे मोजायला उभा राहतो म्हातारा, असं बोलू लागले. पारीखभाईंनी तर नावच पाडलं, "काका तो चा पीता सीसीटीव्ही छे," म्हणजे चहा पिणारा सीसीटीव्ही. हसण्यात मीही होते.

आता निखिल. काकांचा एकुलता एक मुलगा, मेलबर्नला असतो. गाडी काकांनी स्वतःच्या पैशांनी घेतली, कागदावर नाव काकांचं. पण घेताना निखिल इथे होता, अ‍ॅप त्याने लावून दिलं, त्यामुळे मुख्य चावी त्याच्या फोनात. काकांच्या फोनात होती ती त्याने दिलेली चावी, आणि ती पुढे वाटायची परवानगीही त्याचीच. हा फरक पाच घरांना चाव्या वाटताना कोणाच्याच लक्षात आला नाही. मी इतकी पत्रकं काढते, माझ्याही नाही.

नवरात्रात सोसायटीतल्या पोरी गरब्याला ती गाडी नेत. मेलबर्नला निखिलला त्याच्या फोनवर दिसायचं, की वडिलांची गाडी रोज रात्री बडोद्यात कुठे कुठे फिरते आहे. अष्टमीला त्याने सगळ्या चाव्या काढून टाकल्या. पोरींची, पारीखबेनची, आणि त्याच झटक्यात काकांचीही.

इथे काका तयार होऊन खाली उतरले होते. अलकापुरीला दवाखान्यात पारीखबेन गुडघ्याचं ड्रेसिंग करून त्यांची वाट बघत होत्या. काकांनी दाराला हात घातला. दार हललं नाही. त्यांनी जोर लावला तशी गाडी किंचाळायला लागली. पोरं जमली. वॉचमन नवीन होता, त्याने नियमाप्रमाणे गाडी कोणाची ते विचारलं, "काका, गाडी कोनी छे?"

काका गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिलाच विचार."

मी तिथे होते. कोणी कुलूप तोडलं नव्हतं, कोणी काकांना हातही लावला नव्हता. समुद्रापलीकडे कोणीतरी काचेवर बोट ठेवलं आणि इथे एका माणसाची वस्तू त्याच्या हातातून गेली. काकांच्या चोराला मी इतके दिवस हसत होते. त्या दुपारी मला भीती वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. कारण हीच चावी वाटायला काकांना मीच शिकवलं होतं.

मी निखिलला फोन लावला. भांडायच्या तयारीने लावला होता, पण तो बिचारा आधीच घाबरलेला होता. म्हणाला, "गाडी इथून दिसते ग, पण इथून काही करता येत नाही. उद्या कोणी ठोकली तर पोलीस बाबांच्या दारात येतील. मी काय करणार इथून?"

"मग त्यांना विचारायचं तरी."

"कसं विचारणार? त्यांचा फोन लागतो का कधी? डब्यात असतो."

फोन डब्यातून बाहेर येऊन किती महिने झाले होते, हे त्याला ठाऊक नव्हतं. रविवारी बाबांशी बोलायला तो पारीखभाईंच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावायचा, तेवढंच. चावी परत द्यायची का, ते मी आल्यावर बघू, म्हणाला.

दसऱ्याला काका गाडीची पूजा करायला खाली आले. या पूजेला एरवी तबकात गाडीची चावी ठेवतात. काकांनी तबकात फोन ठेवला. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, कॅमेरा लाल झाला. मी म्हटलं, काका, त्यात आता चावी नाही. ते म्हणाले, "चावीची जागा तर आहे." गाडीने किंचाळू नये म्हणून हार अगदी हलक्या हाताने, दाराला धक्का न लावता घातला. पारीखभाई फाफडा-जिलेबी घेऊन आले होते. पुडा त्यांनी काकांच्या हातात दिला. विनोद केला नाही.

वर गेल्यावर मी तक्रारीचा कागद पुढे केला. कागदपत्रं तुमच्या नावावर आहेत, सही करा, कंपनीला जाब विचारू.

"गाडी राहू दे ग उभी," काका म्हणाले. "मला ते टिंग हवं होतं. निखिल कॉलेजात होता तेव्हा त्याच्या स्कूटरचा आवाज आला की मी झोपायचो. नंतर कशाची वाट बघायची तेच राहिलं नाही. या पोरी गरब्याहून परत आल्या की टिंग व्हायचं, मग मी दिवा घालवायचो. आता कोण बाहेर आहे, तेच कळत नाही."

 काकांनी फोनवरचं कुंकू धोतराने पुसलं.

"आणि त्यालाही तिकडे गाडी दिसायची ना. गाडी हलली की त्याला कळत असेल, बाबा आहेत. आता ती उभी आहे. आता त्याला काय कळणार?"

खारीचा डबा फळीवर होता, आणि त्यात खारीच होती. मला वाटलं होतं फोन पुन्हा आत जाईल. काकांनी तो चार्जिंगला लावला, आवाज पूर्ण वाढवला आणि खुर्चीच्या हातावर ठेवला.

सही त्यांनी केली नाही, म्हणून हे लिहिते आहे. ज्याच्या नावावर गाडी, मुख्य चावी त्याच्याच फोनात हवी, हे कंपन्यांकडून मी भांडून घेईन. तुमच्याकडे माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या आईची, वडिलांची, कोणाचीही चावी तुमच्या फोनात असेल, तर हे वाचून झाल्यावर तो फोन उघडा. कोणाचं नाव काढलंत ते बघा, आणि परत घाला. काढायचंच असेल, तर त्या माणसाला आधी फोन लावा.

निखिल, तूही लाव. फोन डब्याबाहेर आहे.