ए विंगचे मासे

"बी विंगचे मासे बघितलेत का?" दुधाची पिशवी ओट्यावर ठेवत ललिताबाईंनी विचारलं. "काय छान झालेत हो. आपले अगदीच बारीक दिसतात."

भीमराव गजभिये यांनी पेपर खाली घेतला नाही. पण त्यानंतर त्यांनी पानही उलटलं नाही.

कोथरूडमधल्या त्या सोसायटीला दोन विंग होत्या आणि बागेच्या पाण्यासाठी दोन हौद. गेल्या पावसाळ्यात भीमरावांच्या सुनेला, पायलला, डेंगू झाला. पेशींचा आकडा रोज खाली जात होता आणि भीमराव दवाखान्याच्या जिन्यात बसून होते. त्या दिवसांत टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या या माणसाने डासांशी वैर धरलं. पायल बरी होऊन घरी आली आणि भीमराव सोसायटीचे आरोग्य सचिव झाले. पदाला पगार नव्हता, खुर्ची नव्हती. पण लिफ्टमध्ये लोक "काय सचिव" म्हणत, आणि निवृत्त माणसाला तेवढं पुरतं.

महापालिकेतून गप्पी मासे त्यांनीच आणले होते. हे मासे डासांच्या अळ्या खातात. अर्धे त्यांनी ए विंगच्या हौदात सोडले आणि उरलेले, उदार मनाने, बी विंगच्या महिपतराव शितोळ्यांच्या हाती दिले. मार्केट यार्डातला कांदा-बटाट्याचा गाळा मुलाकडे सोपवून महिपतराव घरी बसले होते. माणसाला काहीतरी काम असावं, एवढाच भीमरावांचा हेतू.

आता संध्याकाळी लोक नातवंडांना घेऊन बी विंगच्या हौदापाशी उभे राहू लागले होते.

*

ग्रुपवर, सकाळी

चैताली, बी विंग: आमच्या हौदात पुन्हा पिल्लं. सो क्यूट. महिपतकाका रॉक्स.

आप्पासाहेब, अध्यक्ष: महिपतरावांचे अभिनंदन.

भीमराव, आरोग्य सचिव: मासे सचिवांनी आणलेले आहेत. माहितीसाठी.

चैताली: हो काका. तुमचे दिसत नाहीत हल्ली.

भीमराव: ते काम करत असतात.

*

भीमरावांना मत्सर वाटत नव्हता, हे त्यांनी ललिताबाईंना जेवताना दोनदा सांगितलं. प्रश्न आरोग्याचा होता. मग ते महिपतरावांकडे सहज, अगदी सहज, गेले.

"घालता काय माशांना?"

"काय नाय ओ. मी नुसता बसतो त्यांच्याकडं बघत."

"नुसतं बघून मासे वाढत नाहीत."

"आमच्यात वाढत्यात," महिपतराव म्हणाले. खरं तर ते खरंच सांगत होते. पण ज्याने हयात घाऊक बाजारात काढली तो माणूस माल कसा तयार केला हे कधी खरं सांगेल, यावर भीमरावांचा विश्वास नव्हता.

त्याच संध्याकाळी ते दुकानातून माशांचं खाद्य घेऊन आले. लाल गोळ्या, हिरव्या गोळ्या आणि वाळवलेले किडे. दिवसातून दोनदा ते हौदावर जात. त्यांच्यानंतर ललिताबाई पोळीचा कुस्करा घेऊन जात, कारण त्यांच्या मते गोळ्यांनी कुणाचं पोट भरत नाही. आपण दोघंही घालतो आहोत हे एकमेकांना सांगायचं राहून गेलं.

*

माशांची बाजू

वरून गोळ्या पडतात. मग पोळी पडते. बाजूने अळी वळवळत जाते. अळीच्या मागे पोहावं लागतं.

मासे कशाला पोहतील?

*

पंधरवड्यात ए विंगचे मासे गुटगुटीत झाले. भीमरावांनी त्यांचा फोटो ग्रुपवर टाकला. फोटो उत्तम आला होता. इतका उत्तम, की चैतालीने तो बोटांनी मोठा करून पाहिला आणि माशांच्या शेपटीमागे वळवळणाऱ्या काळ्या रेषांना लाल गोल काढून फोटो परत ग्रुपवर टाकला. खाली एकच वाक्य होतं: "काका, हे कोण?"

डेंगूशी लढणाऱ्या सचिवाच्या हौदात डासांच्या अळ्या होत्या. मासे त्यांच्या बाजूने शांतपणे जात होते, ओळख नसलेल्या शेजाऱ्यांसारखे.

भीमरावांनी तासाभरात हौद रिकामा करून घासून घेतला आणि मासे घरातल्या टबात आणले. पण तोवर बी विंगमध्ये कुजबूज सुरू झाली होती. वार्षिक सभा जवळ आली होती. आरोग्य सचिवपदासाठी महिपतरावांचं नाव पुढे येत होतं.

आप्पासाहेबांना वाद नको असत. ते निवृत्त प्राध्यापक होते आणि प्रत्येक भांडणाचं प्रात्यक्षिक करावं असं त्यांना वाटे. त्यांनी तोडगा काढला. दोन आठवड्यांनंतरच्या रविवारी, सभेच्या आधी, दोन काचेच्या बरण्या ठेवायच्या. दोन्हींत सारख्या अळ्या. एकीत ए विंगचे मासे, दुसरीत बी विंगचे. ज्याचे मासे आधी फस्त करतील तो सचिव. महापालिकेच्या आरोग्य निरीक्षक आम्रपालीताई परीक्षक म्हणून येतील.

"पद माशांवर ठरवायचं?" भीमरावांनी विचारलं.

"माणसांवर ठरवून पाहिलं," आप्पासाहेब म्हणाले. "कुणी फॉर्म भरत नाही."

*

"आजपासून टबात काही टाकायचं नाही."

"का?"

"उपास आहे त्यांचा."

"माशांना कसला उपास?"

"भूक लागल्याशिवाय अळी खाणार नाहीत ते. लाडावलेत."

"कुणी लाडावले?"

"मी फक्त गोळ्या देत होतो."

"आणि मी फक्त पोळी."

"तू पोळी देत होतीस?"

"तुम्ही गोळ्या देत होता?"

"ललिता, रविवारपर्यंत काही नाही. शब्द दे."

"दिला." मग थोड्या वेळाने, स्वयंपाकघरातून: "भाताचं शीत चालेल का हो? एकच."

*

भुकेबरोबर सरावही हवा होता. माशांना अळी ओळखीची करून द्यायला हवी. पण अळी आणायची कुठून? भीमरावांनी वर्षभर घरोघर फिरून कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचे ट्रे, गच्चीवरचे डबे असं सगळं कोरडं करून घेतलं होतं. ए विंगमध्ये आता औषधालाही अळी नव्हती. आपलं काम इतकं चोख झालं आहे याचा त्यांना पहिल्यांदाच राग आला.

मग त्यांनी ती गोष्ट केली. एक बादली पाण्याने भरली, त्यात थोडा पालापाचोळा टाकला आणि ती गच्चीवरच्या टाकीमागे सावलीत ठेवली. डासांना यायला अडचण नको म्हणून झाकण ठेवलं नाही.

रोज ते चोरपावलांनी वर जात आणि बादलीत वाकून पाहत. पहिले दोन-तीन दिवस काहीच नव्हतं. त्यांना वाटलं, डाससुद्धा बी विंगकडेच जातात. मग एका सकाळी पाण्यात बारीक हालचाल दिसली आणि आरोग्य सचिवांचा चेहरा उजळला. त्यांनी दोन चमचे अळ्या टबात नेऊन सोडल्या. माशांनी एकदा वास घेतल्यासारखं केलं आणि तोंड फिरवलं.

"उपाशी असून खात नाहीत," ते हताशपणे म्हणाले.

ललिताबाई तांदूळ निवडत राहिल्या. मान जरा जास्तच खाली होती.

*

रविवारी खुर्च्या मांडल्या गेल्या. टेबलावर दोन बरण्या आल्या. भीमरावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. महिपतरावांनी टोपी घातली होती. मार्केट यार्डात लिलावाच्या दिवशी असायची तेवढी ती पांढरी होती.

आम्रपालीताई वेळेआधी पोचल्या. खाली चहा गाळत होते.

"आलेच आहे तर गच्च्या बघून येते," त्या म्हणाल्या.

"आधी चहा घ्या की," भीमराव म्हणाले.

"आधी चहाच घ्या," महिपतराव म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतकं एकमत त्यांच्यात कधी झालं नव्हतं.

आम्रपालीताई चहा न घेता वर गेल्या. मागोमाग आप्पासाहेब, मग अर्धी सोसायटी. ए विंगच्या टाकीमागे बादली होती. तिच्या बाहेरच्या अंगाला पांढऱ्या रंगात, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: भी. गजभिये, ए विंग, दुसरा मजला, कोथरूड, पुणे. खाली पिनकोड. घरातल्या प्रत्येक वस्तूवर पूर्ण पत्ता घालायची सवय टपाल खात्याने लावली होती.

आम्रपालीताईंनी बादलीत टॉर्च मारला. "भरपूर आहेत. काही डास होऊन उडूनही गेलेत, कोषांच्या साली तरंगतायत."

"ते प्रात्यक्षिकासाठी," भीमराव म्हणाले.

"कसलं?"

"डेंगू प्रतिबंधाचं."

कुणी हसलं नाही. जिन्यातून कुणीतरी एवढंच म्हणालं, "तरीच मला परवापासून चावतायत."

मग सगळे बी विंगच्या गच्चीवर गेले. महिपतराव वाटेत दोनदा बूट बांधायला थांबले. त्यांचे बूट बिनलेसचे होते. तिथे टाकीमागे निळं पिंप होतं, अर्धं भरलेलं, आणि त्यावर गाळ्याचा नंबर. पिंपातही तीच वळवळ.

"तुम्हीपण?" भीमरावांनी विचारलं.

"तुमचं मासं जाडं झाल्यावर मला काय सुचंना," महिपतराव पुटपुटले. "म्हटलं आपलं तयारीत असावं."

वर्षभरात पहिल्यांदा भीमरावांना आत कुठेतरी गार वाटलं. हा माणूसही जळत होता.

बादलीसारखंच आम्रपालीताईंनी पिंपही तापलेल्या फरशीवर उपडं केलं. मग नोटीस बाहेर काढली.

"सोसायटीचं आरोग्य कोण बघतं? सही लागेल."

"महिपतरावांची घ्या," भीमराव लगेच म्हणाले. "लोकांच्या मनात तेच आहेत."

"छ्या. सचिव हेच हायेत. आपण काय, हौशी माणूस."

"त्यांची योग्यता मोठी आहे."

"अनुभव ह्यांचाच हाय."

"एवढा विनय या सोसायटीत मी पहिल्यांदा पाहतोय," आप्पासाहेब म्हणाले.

ललिताबाई गर्दीतून पुढे आल्या. "द्या इकडं ते. माझा कुकर आहे गॅसवर." त्यांनी सही केली आणि पेन परत दिलं.

"मग पाठपुरावा तुमच्याकडे," आम्रपालीताई म्हणाल्या. "पुढच्या वेळी तुम्हालाच विचारणार."

"विचारा की," म्हणत ललिताबाई जिना उतरल्या. सभेत बरण्यांच्या विषयाला कुणी हात लावला नाही, आणि आरोग्य सचिव बदलले.

*

नव्या सचिवांनी मासे दोन्ही हौदांत परत सोडले आणि "यांना कुणीही काहीही घालायचं नाही, मीसुद्धा" अशी पाटी लावली. शनिवारी त्या घासणी घेऊन दारोदार जात. भांडं नुसतं ओतलं तर चालत नसे. अंडी कडेला चिकटून राहतात म्हणून ते समोर घासून दाखवावं लागे. बी विंगमधल्या एकाने वेळ नाही म्हटलं, तर त्या त्याच्या सोफ्यावर वेळ होईपर्यंत बसून राहिल्या.

तो पावसाळा गेला आणि सोसायटीत कुणालाही डेंगू झाला नाही. पायल पावसाळाभर धडधाकट होती. शेजारच्या दोन सोसायट्यांनी ललिताबाईंना बोलवून नेलं आणि एका ठिकाणी शालही दिली. लिफ्टमध्ये लोक आता भीमरावांना विचारत, "काय म्हणतायत सचिव?"

भीमराव आणि महिपतराव संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसू लागले. शहाळं पीत.

"कामात कल्पकता नाही," भीमराव म्हणाले.

"नुसतं घासायचं," महिपतराव म्हणाले. "त्यात बघण्यासारखं काय हाय?"

"फोटो काढावा असं काही नाही."

"शाल मातर चांगली होती."

"ती शाल तशी बरी होती," भीमराव म्हणाले.

"पाय उचला दोघांनी," समोरून आवाज आला.

दोघांनी पाय उचलले. ललिताबाईंनी वाकून बाकाखालून जुनी शहाळी ओढून काढली, त्यातलं पाणी मातीत ओतलं, ती पिशवीत भरली आणि बी विंगकडे निघून गेल्या.

महिपतराव बराच वेळ तिकडे बघत राहिले.

"राग मानू नका, भीमराव," ते म्हणाले, "पण तुम्ही सांगितलं असतं तर मी पाय उचलला नसता."

ललिताबाई जिन्यात दिसेनाशा झाल्या होत्या, आणि बाकावरच्या दोघांचे पाय अजून वरच होते.